हा नंबर कोणाचा?



आज घरोघरी मोबाईल आहे. त्याचा नंबर आपल्याला तोंडपाठ असतो. पण हा नंबर कोणाच्या मालकीचा? तुम्ही म्हणाल, "माझा!" तसे नाही, बरे का.

गावातल्या घरांना ग्रामपंचायत नंबर घालते. तसे देशातल्या फोनांचे नंबर कसे असावेत, हे भारत सरकारचा दूरसंचार विभाग ठरवतो. तो कंपन्यांना नंबर वाटून देतो. कंपनी त्यांतला एक आपल्याला देते. म्हणजे नंबर सरकारचा, वापर आपला.

मोबाईलचा नंबर १० आकड्यांचा असतो. पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. तारेच्या फोनाला आधी गावाचा कोड लागतो. पुण्याचा ०२०, मुंबईचा ०२२, नागपूरचा ०७१२. परदेशातून फोन करायचा तर आधी भारताचा कोड, ९१. असा नियम आहे, म्हणून इतक्या कोटी फोनांत नेमका आपलाच फोन वाजतो.

कंपनी पसंत नसेल, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशात २०११ सालापासून आहे.

आता मुद्द्याचे सांगतो. नंबर बरेच दिवस वापरला नाही, पैसे भरले नाहीत, तर कंपनी तो बंद करते. पुढे निदान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत. नंतर मात्र दुसऱ्याला देतात.

आमच्या शेजारच्या मावशींचे असेच झाले. मुलाने नवे कार्ड आणून दिले. जुने फडताळात पडून राहिले. बँकेत मात्र जुनाच नंबर! वर्षभराने पाहतात तो काय, बँकेचे निरोप परगावच्या कोणा अनोळखी माणसाला जात होते. पैसे काढताना लागणारा गुप्त आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तोही त्यालाच जाणार! माणूस भला, म्हणून निभावले.

भाड्याचे घर सोडताना आपण आपली पेटी, भांडीकुंडी आधी बाहेर काढतो ना? नंबराचेही तसेच. बँक, आधार, गॅस, रेशन, सगळीकडे आधी नवा नंबर नोंदवा. मगच जुना सोडा.

आपल्या नावावर किती नंबर आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी'वर पाहता येते. न घेतलेला नंबर दिसला, तर तिथेच कळवावे.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. उद्याच बँकेत जा. "माझ्या खात्याला कोणता नंबर आहे?" असे विचारा. कागदावर लिहून घ्या, आणि एकेक आकडा स्वतः वाचून पाहा.