कनवटीचा चाकू कसा निवडावा?

मी आपल्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. एरवी आपण हप्ते, व्याज, बँकेची फाइल असल्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय छोटा आहे, तळहातावर मावेल एवढा. रोजच्या कामासाठी जवळ ठेवायचा घडीचा चाकू. मजबूत कसा ओळखायचा, परवडणारा कसा घ्यायचा आणि तो टिकवायचा कसा, एवढंच आज सांगणार आहे.

दिवसभरात कापायची कामं किती असतात ते जरा आठवा. खताच्या गोणीची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, मेथीच्या जुडीचा बंध, शेळीच्या दाव्याची आवळलेली गाठ, टोमॅटो बांधायची दोरी. ही कामं आपण कशानं करतो? निम्म्या जणी दातानं. काही जणी दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून पदराला बांधतात. त्या तुकड्याला मूठ नसते, त्यामुळे सुतळीबरोबर बोटही कापतं. विळा असतो, पण तो उघडा. मोटरसायकलवर मागं बसताना किंवा टमटममध्ये दाटीवाटीत तो घेऊन बसणं धोक्याचं असतं.

घडीचा चाकू मिटला की पातं मुठीत जातं. कनवटीला, पिशवीत, ब्लाउजमधल्या पाकिटाशेजारी कुठंही राहतो. पण एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. जिथं चाकू दुमडतो तो सांधाच त्याची नाजूक जागा असते. म्हणून ऊस तोडायला कोयता, खुरपणीला खुरपं आणि सुकं लाकूड तोडायला कुऱ्हाडच हवी. चाकूनं डब्याचं झाकण उचकटायचं नाही, स्क्रू पिळायचा नाही, पात्याच्या पाठीवर दगड मारायचा नाही. सांधा एकदा ढिला झाला की चाकू भरवशाचा राहत नाही.

आता दुकानात गेल्यावर काय बघायचं ते सांगते. पहिली गोष्ट लॉक. काही चाकूंत पातं उघडल्यावर नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. जोर उलट्या बाजूनं लागला की ते फटकन मिटतं, आणि खाली आपली बोटं असतात. आमच्या भागातल्या एका ताईंच्या तर्जनीला असंच झालं. गोणीत खुपसलेला चाकू मागं ओढताना पातं मिटलं. टाके पडले आणि ऐन फुलांच्या हंगामात त्यांची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. चाकू स्वस्तातला होता, पण भुर्दंड केवढा पडला बघा.

म्हणून लॉक असलेलाच चाकू घ्या. लॉकचे प्रकार तीन-चार दिसतात. एकात मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते. दुसऱ्यात मुठीच्या आत पातळ पत्रा असतो, तो पातं उघडलं की सरकून पात्याच्या बुडाशी अडतो. तिसऱ्यात सांध्यावर गोल कडं असतं, ते फिरवलं की पातं पक्कं बसतं. फ्रान्समधले शेतकरी वापरतात तो ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू या कड्याच्या जातीचा. कुठलाही प्रकार चालेल, पण पारखून घ्या. पातं पूर्ण उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा, की पातं जिथं मिटतं त्या खाचेत एकही बोट राहणार नाही. मग पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकेच टेकवून दाबा. मिटलं तर तो चाकू परत ठेवा. नंतर पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. नवाच चाकू खुळखुळत असेल तर महिन्यानं काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट पातं. आपल्या कामाला तीन इंच पुरे. जाडी दोन ते तीन मिलिमीटर असावी. त्याहून पातळ असेल तर वाकतं, फार जाड असेल तर भाजी कापली न जाता फुटते. टोक फार अणकुचीदार नको, दाते असलेलं पातंही नको. दात्यांनी दोरी छान कापते, पण त्यांना घरी धार लावणं अवघड जातं.

पात्याचं लोखंड दोन जातींचं असतं. कार्बन स्टीलला धार पटकन लागते आणि टिकतेही, पण ओलं राहिलं की गंज चढतो. चिंच, लिंबू, कैरी कापली की काळे डाग पडतात. स्टेनलेसला गंज कमी, पण हलकं स्टेनलेस मऊ असतं, त्याची धार लवकर जाते. भातखाचरात, मासळीच्या कामात किंवा पावसाळी भागात असाल तर स्टेनलेस घ्या. कोरड्या रानात काम असेल आणि पुसून ठेवायची सवय असेल तर कार्बन स्टील उत्तम. दुकानदार कधी लोहचुंबक लावून दाखवतो, ‘चिकटला नाही बघा, अस्सल स्टेनलेस!’ तुमच्या ताटवाट्यांच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण चाकूचं स्टील तापवून कडक करावं लागतं, आणि तशा कडक होणाऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटतोच. म्हणून चुंबकावर भुलू नका.

तिसरी गोष्ट मूठ. घरातली बहुतेक हत्यारं गड्याच्या हाताच्या मापानं आणलेली असतात आणि आपण ती तशीच वापरत राहतो. हा चाकू तुमचा आहे, तेव्हा तुमच्याच हातात धरून बघा. चारही बोटं मुठीवर मावली पाहिजेत आणि घट्ट धरताना तळहाताला काही टोचता कामा नये. मूठ गुळगुळीत नको, ओल्या हातातून निसटते. लाकूड दिसायला छान, पण पावसात फुगतं आणि पातं उघडायला जड जातं. खरबरीत प्लास्टिक किंवा नायलॉन सोपं पडतं. रंग लाल किंवा भगवा मिळाला तर बघा, गवतात पडला तरी दिसतो. नाहीतर मुठीच्या भोकात लाल नाडी बांधा. आणि उघडताना नख मोडेल इतकी कडक स्प्रिंग असेल तर दुसरा मागा.

आता किमतीचं. समजा, बाजारातला 90 रुपयांचा चाकू दर सहा महिन्यांनी बाद होतो. चार वर्षांत आठ चाकू, म्हणजे 720 रुपये. 400 रुपयांचा चांगला चाकू चार वर्षं चालला, तर वर्षाला 100 रुपये पडतात. मात्र महाग तेवढं चांगलं असंही नाही. चकचकीत मूठ, नक्षी, एकाच चाकूत दहा अवजारं, यांचे पैसे आपण कशाला द्यायचे? पैसे लॉकला, पात्याला आणि मुठीला द्या. सांध्याला स्क्रू असेल तर आणखी बरं, ढिला झाला की घरी आवळता येतो.

चाकू आणला की त्याची निगा आली. बोथट चाकूला जोर जास्त लागतो आणि जोर लावला की तो सटकतो, म्हणून धार ठेवणं ही आपल्याच बोटांची काळजी आहे. घरात निसणा ठेवा. तो ओला करा. पातं दगडावर उभं धरा, ते झालं 90 अंश. निम्मं कलतं करा, 45. त्याच्याही निम्मं करा, साधारण 22. एवढाच कल कायम ठेवून, दगडाची पातळ साल काढावी तसं पातं पुढं न्या. जितक्या वेळा एका बाजूनं, तितक्याच वेळा दुसऱ्या बाजूनं. धार अंगठ्यावर बघायची नाही, वर्तमानपत्राच्या कागदावर बघायची. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या मशीनवर द्यायचा तर त्याला सांगा, पातं मधूनमधून पाण्यात बुडव. ठिणग्यांनी तापून पातं निळं पडलं, की तिथला कडकपणा जातो आणि मग धार टिकत नाही.

काम झालं की चाकू पुसा. चीक लागला असेल तर धुऊन कोरडा करा. सांध्यात माती बसते, ती जुन्या दातघासणीनं काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. रोगट झाड छाटलं असेल तर स्पिरिटनं पातं पुसल्याशिवाय पुढच्या झाडाला लावू नका. डाळिंबावरचा तेल्या अवजारांवरूनही पसरतो. आणि हे नीट ऐका. औषधाची पुडी, कीटकनाशकाचं पाकीट ज्या चाकूनं फोडलं, त्यानं काकडी, पेरू काहीही खायचं कापू नका. फवारणीच्या सामानात वेगळी कात्री ठेवा.

कापताना पातं अंगापासून दूर चालवा. चाकू हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. कापलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. जखमेत चुना, तंबाखू, माती भरू नका. रक्त थांबलं की स्वच्छ पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर दाब न सोडता लगेच निघा.

काही मुली विचारतात, ‘ताई, रस्त्यानं एकटीनं जाताना संरक्षणाला चाकू ठेवू का?’ माझं उत्तर नाही असं आहे. झटापटीत चाकू हिसकावला जातो आणि आपल्यावरच चालतो. अशा वेळी आरडाओरडा करा, माणसांकडे पळा, 112 वर फोन लावा. महिलांसाठी 181 हा क्रमांकही आहे. आपला चाकू हे कामाचं अवजार आहे, तसंच त्याला वापरायचं. बटण दाबताच फटकन उघडणारा सिनेमातल्यासारखा चाकू तर घेऊच नका. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्यात मोडतात. त्यातून शेतीची आणि घरकामाची अवजारं वगळलेली आहेत, आणि आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या कितीतरी आत आहे. पण जत्रा, निवडणूक किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली चाकू बाळगायला बंदी घालता येते. त्या दिवसांत, आणि कोर्टात, मेट्रोत किंवा विमानानं जाताना, चाकू घरीच ठेवा.

शेवटी गटासाठी एक सुचवते. सगळ्यांनी एकदम चाकू घेऊ नका. वेगवेगळ्या जातीचे दोन चाकू आणा आणि एक हंगाम आळीपाळीनं वापरा. ज्यांचे हात लहान आहेत त्यांनाही वापरू द्या. मग बैठकीत ठरवा, दहा-बारा एकदम घेतले तर दुकानदाराकडून भाव कमी करून घ्या, पक्की पावती मागा आणि इतिवृत्तात नोंद करा. खतासाठी, बियाण्यासाठी आपण अशी चौकशी करतोच. दिवसभर हातात असणाऱ्या अवजारासाठीही करायला हवी, कारण आपली कमाई याच दहा बोटांवर चालते.

पुढच्या बैठकीला येताना, सध्या तुम्ही ज्यानं कापता ते घेऊन या. ब्लेडचा तुकडा असेल तर तोही कागदात नीट गुंडाळून आणा. सगळं समोर मांडून बघू आणि मग ठरवू. येते मैत्रिणींनो. नमस्कार.