हृदयाचा वारसा
(कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, आरोग्यावर १० मिनिटे बोला. मी डॉक्टर नाही, बँकेत ३६ वर्षे काढलेला माणूस. वारसांचे दावे पुष्कळ निकाली काढले. आजचा विषयही वारशाचाच आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा ३१व्या वर्षी बॅडमिंटन खेळताना कोसळला आणि गेला. सिगारेट नाही, शुगर नाही. सगळे म्हणाले, ॲटॅक. आपल्या वयात बहुधा रक्तवाहिनीच तुंबलेली असते हो, पण इतका तरुण माणूस गेला तर जन्मजात कारणही शोधावे लागते. 'आता कशाला चिरफाड?' अशी कुजबुज झालीच. तरी भावाने शवविच्छेदनाला होकार दिला, म्हणून पुढचे सगळे कळले. हृदयाची भिंत जाड निघाली. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण ५०० माणसांत एकाला असते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ साली फ्रान्समध्ये सामना चालू असताना गेला, तो याच आजाराने.

'लाँग क्यूटी' म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात हृदय दिसायला ठणठणीत, दोष वायरिंगमध्ये. तो शवविच्छेदनात दिसत नाही, जिवंतपणी ईसीजीत बहुतेकदा दिसतो.

असा दोष बहुधा आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी. इथे मृत्युपत्र करून कुणाला वगळता येत नाही! म्हणून आईवडील, भावंडे, मुले सगळ्यांचे ईसीजी आणि टूडी इको करायचे. आमच्या भावजयबाई अडून बसल्या, 'मुलगी लग्नाची आहे, कागदावर काही आले तर?' ही भीती खोटी नाही. पण पुतणीने स्वतःच अपॉइंटमेंट घेतली. तिची भिंत १७ मिलिमीटर निघाली, १५ला आजार धरतात. भावाचीही जाड, आणि ६४ वर्षे त्याला पत्ता नव्हता. पुतणी आता गोळ्या घेते, जोराचे खेळ बंद, आणि छातीत बसवायच्या यंत्राबद्दल डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. लग्नही ठरले, मुलाला सगळे सांगून.

भावाच्या रक्तात सदोष जनुक सापडल्यावर माझे रक्त तेवढ्याच दोषासाठी तपासले. नाही निघाला, त्यामुळे माझ्या मुलांचीही सुटका. पुतण्याच्या ४ वर्षांच्या मुलात मात्र तो आहे. इको आज स्वच्छ आहे, पण फाइल बंद होत नाही, आजार पुढे कधीही दिसू शकतो. ठरावीक काळाने त्याला न्यायचे आहे.

धावताना चक्कर येऊन पडणे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. 'फिट आली होती' एवढ्यावर सोडू नका. कुणाला आमचे रिपोर्ट पाहायचे असतील तर मी घरीच असतो. फक्त दुपारी २ ते ४ बेल वाजवू नका.