उंबऱ्यावर थांबलेले मूल



वैशाखातल्या या उकाड्यात, नाशकात गोदावरीच्या काठी, यशवंतराव महाराजांच्या या पटांगणात, जेथे मागल्या पिढ्यांनी राजकारणाचे, इतिहासाचे आणि साहित्याचे थोर थोर वक्ते ऐकले, तेथे उभे राहून, कुटुंबासह समुद्रपर्यटनास निघालेल्या बिचकणाऱ्या मुलांना जहाजावरील बालक्लबात कसे रमवावे, असा विषय मी मांडावा, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला परवा विचारले, "बाई, आपल्या गंगेत जहाज कधीपासून येऊ लागले?" (हशा) प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

2018 साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे पर्यटकांचे जहाज सुरू झाले. त्यानंतर 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे, 1990 साली बांधलेले 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. आणि सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून दुपारी जहाजावर चढणारी मध्यम स्थितीतली कुटुंबे आज याच सभेत बसलेली आहेत, हे मला समोरचे चेहरे पाहूनच दिसते. ज्यांची मुले परदेशी नोकरीस आहेत त्यांच्यापैकी कित्येक जण सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवरही जाऊन आलेले आहेत. तरीही हा श्रीमंतांचा विषय आहे असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याला मी इतकेच सांगेन की जहाजाच्या त्या दारात उभे राहिलेले मूल आणि जून महिन्यात बालवाडीच्या पायरीवर आईचा पदर मुठीत धरून उभे राहिलेले मूल, ही दोन मुले नव्हेत. माझे सारे आयुष्य त्या दुसऱ्या मुलाच्या सहवासात गेले, म्हणून पहिल्याविषयी बोलण्याचा अधिकार मी सांगते.

हे क्लब कसे असतात याचे वर्णन आपण माहितीपत्रकांत वाचलेच असेल, म्हणून त्यात वेळ घालवीत नाही. बहुतेक ठिकाणी तीन वर्षे पुरी झालेल्या आणि शौचाचे भान आलेल्या मुलासच प्रवेश असतो, वयाप्रमाणे गट पाडलेले असतात, नोंदवहीत सही करून मूल सोडावयाचे आणि सही करूनच परत न्यावयाचे असा दस्तुर असतो, आणि निघण्याच्या दिवशी पुष्कळ जहाजांवर आईबापांना मुलासह ती खोली पाहून येण्याची मुभा असते. या शेवटच्या मुभेकडे आपण पुन्हा येऊ.

मला जे सांगावयाचे आहे ते एकच आहे, आणि आज त्यासाठीच मी येथे आले आहे. दारात उभे राहून आत पाहणारे मूल रिकामे उभे नसते. आपण त्याला भित्रे म्हणतो, एकलकोंडे म्हणतो, 'आमच्या घरात असे कोणी नव्हते हो' म्हणून वंशावळीची चौकशी करतो, (हशा) आणि ते मूल त्या वेळी आयुष्यातले अत्यंत कष्टाचे काम करीत असते: आत किती मुले आहेत, त्यांतले दांडगे कोण, खेळाचा नियम काय, ती ताई रागावते की हसते, बाहेर पडावयाचे झाल्यास वाट कोणती, याचा अख्खा तपास ते डोळ्यांनी करीत असते. अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन नावाच्या विदुषीने बालशाळेतील मुलांचे निरीक्षण करून 1932 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मुलांच्या खेळातील सहभागाचे प्रकार सांगताना, इतरांचा खेळ जवळ उभे राहून पाहणे, मधूनच त्यांना काही विचारणे, परंतु स्वतः न शिरणे, याला तिने स्वतंत्र स्थान दिले. पाहणे हा सहभागाचाच प्रकार होय, हे शास्त्राने मान्य करून नव्वदाहून अधिक वर्षे झाली; आपल्या दिवाणखान्यांत मात्र ते अद्याप मान्य व्हावयाचे आहे.

आणि शास्त्रच कशाला? आपल्या महाराष्ट्राने याहून मोठे काही करून दाखविलेले आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांकडे भावनगरास जाऊन जे आत्मसात केले, 1926 साली नूतन बालशिक्षण संघ कसा निघाला, माँटेसोरीबाईंचे ऋण कोणते, हा सारा इतिहास आपणांस ठाऊक आहे आणि मी तो उगाळीत नाही. मला आठवण करून द्यावयाची आहे ती 1945 नंतरच्या बोर्डीची. आपल्याच डोंगरांपलीकडे, समुद्राच्या बाजूस असलेल्या त्या गावी ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा वस्तीवरची मुले शाळेच्या इमारतीकडे येईनात. त्यांना ओढून आणण्याचा हुकूम सुटला नाही, की आईबापांना दटावणी झाली नाही. मूल येत नाही तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, अशी तजवीज त्या दोघींनी केली. आणि पुढे कोसबाडच्या टेकडीच्या परिसरात गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणातच भरू लागली. 1975 पासून सरकारने देशभर ज्या अंगणवाड्या उघडल्या, त्यांचे मूळ त्या अंगणात आहे. (टाळ्या) या टाळ्या ताराबाई-अनुताईंच्या आहेत. मूल उंबरा ओलांडीत नसेल तर उंबऱ्याने थोडे सरकावे, हे तत्त्व ज्या प्रांतात सिद्ध झाले, त्याच प्रांताच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या जहाजावर लहान मुलाला बखोटीस धरून आत लोटलेले मी पाहिले, तेव्हा हे व्याख्यान माझ्या मनात तयार झाले.

सभेतील वृद्धांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट आठवत असेल. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत पणजीकडे जाणाऱ्या त्या बोटीच्या डेकवर चटया अंथरलेल्या, फणसाचे गरे आणि दशम्यांचे डबे उघडलेले, आणि त्या गर्दीत मुले खेळत असत. तेथे बालक्लब नव्हता, म्हणून बिचकणारे मूलही नव्हते असे नव्हे. ते होते, पण आजीच्या मांडीवर बसून समोरचा खेळ पाहत होते, आणि मनास आले की दोन पावले टाकून त्यात शिरत होते, नको वाटले की दोन पावले मागे येत होते. आजीची मांडी आणि खेळाची जागा एकाच दृष्टीच्या टप्प्यात होत्या. आजच्या क्लबाने सुरक्षिततेसाठी, आणि ती हवीच, मध्ये एक दार घातले. त्या दाराने मुलाकडून एका क्षणात निर्णय मागितला, आणि ज्या मुलाचा स्वभावच सावकाश निर्णय करण्याचा, ते मूल तेथे अडले. अडचण दाराची आहे. तिचा दाखला आपण मुलाच्या नावावर लिहितो.

आता माझ्या नातीची हकीगत सांगते. थोडक्यात सांगेन. पाच वर्षांची, घरात अखंड बोलणारी ही मुलगी जहाजावर पहिल्या दिवशी त्या खोलीच्या दारात आली आणि दगडासारखी थांबली. आतली तरुणी स्वभावाने चांगली, परंतु कामाच्या घाईत होती; तिने हसत हसत नातीला उचलून आत नेले, माझ्या सुनेस 'तुम्ही जा, दोन मिनिटांत रमेल' म्हणून खूण केली, आणि सून गेली. पुढे जो आकांत झाला तो वर्णन करीत नाही. जहाजाचे नाव सांगत नाही, कारण असे कोठेही घडू शकते. संध्याकाळी मुलगी केबिनच्या बाहेर येईना. सुनेच्या डोळ्यांत पाणी, मुलगा पैशांचा हिशेब मांडतो आहे, आणि मी, म्हणजे घरातली या विषयातली जाणकार, (हशा) तिच्या उशाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुले फारशी नव्हती अशा वेळी, आम्ही दोघी त्या दारापाशी गेलो. आत जायचे नाही, नुसते पाहायचे, असा आमचा करार होता, आणि तो मी अक्षरशः पाळला. भिंतीला टेकून खाली बसले. ती माझ्या खांद्यावरून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तिने माझ्या कानात पहिले वाक्य सांगितले, ते असे: "आजी, इथे शू कुठे करायची?" बंधुभगिनींनो, आदल्या संध्याकाळपासून आम्ही तिच्या स्वभावाची चिकित्सा करीत होतो, आणि तिला हवा होता संडासाचा पत्ता! (मोठा हशा) हसा, पण याचा विचारही करा. ती मराठी शाळेत जाणारी मुलगी. आतल्या ताया हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्या. शू लागली हे कोणत्या भाषेत सांगावयाचे, आणि सांगता आले नाही तर सर्वांदेखत काय होईल, ही तिची कैफियत होती, आणि ती ऐकण्याची तसदी आम्हा मोठ्यांपैकी कोणी घेतली नव्हती. मी तिला ती जागा दाखवून आणली, हिंदीतले एक वाक्य पाठ करून घेतले. मग दुसरा प्रश्न आला: "आई कधी येणार?" 'एका तासाने' या उत्तराचा तिला उपयोग नव्हता, कारण तास म्हणजे किती हे तिला कळत नव्हते; 'तुझे चित्र रंगवून झाले आणि खाऊ खाऊन झाला की' हे उत्तर तिला कळले. तरीही ती आत गेली नाही.

ती गेली ती दुपारी, आणि निमंत्रणामुळे गेली नाही. आतल्या एका वयस्क सेविकेने, जिला हा स्वभाव जाणण्याची दैवी देणगी होती असेच मी म्हणेन, तिच्याकडे न पाहता रंगीत खडूंचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "ये उस टेबल पर रख दोगी?" नातीने डबा घेतला, टेबलापाशी नेऊन ठेवला, तेथे एक मुलगा कागदाच्या मुकुटाला चिकटपट्टी उलटी लावीत होता, तिने ती सुलट करून दिली, आणि मग ती तेथेच बसली. 'ये, खेळ' म्हटले की संकोची मुलावर सर्वांची नजर पडते. काम दिले की ती नजर डब्यावर जाते. हे मी बालवाडीत शेकडो वेळा केलेले होते आणि...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे राहिली म्हणतात. हकीगत थोडक्यात सांगण्याचे कबूल करून ती लांबली, तेव्हा उरलेले मुद्दे भराभर सांगते.

जहाजावर चढल्याच्या दिवशीच, गर्दी होण्यापूर्वी, मुलाला ती खोली दाखवून आणा. ज्या मुभेचा मी उल्लेख केला ती याचसाठी आहे. निघण्यापूर्वी घरी तयारी करा: गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात एकदा पाण्यावर नेऊन आणा, सार्वजनिक वाचनालयात नेऊन अनोळखी ताईंकडून एखादे पुस्तक त्यालाच मागू द्या. मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नका. निरोप घ्या, रडले तरी घ्या, आणि ज्या वेळी येईन म्हणाला त्या वेळी या, कारण दुसऱ्या दिवशीचे जाणे त्या येण्यावर तारण असते. पहिला मुक्काम अगदी लहान ठेवा आणि मूल रमलेले असतानाच परत घ्या. वयाच्या गटांमुळे भावंडांची ताटातूट होत असेल तर आधीच विचारा. काही ठिकाणी धाकट्यासाठी थोरल्यास काही वेळ बसू देतात. मूल निस्तेज दिसत असेल तर ते लाजते आहे असे समजण्यापूर्वी त्याला बोट लागली नाही ना ते पाहा. आणि शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून 'बघ, ती तुझ्याहून लहान आहे' हे वाक्य, माझ्या वयाच्या आज्यांनो, आपण मुंबईच्या धक्क्यावरच टाकून द्यावे. (हशा, टाळ्या)

मागून कोणी विचारीत आहेत, हे सारे कोडकौतुक नव्हे काय, आमच्या वेळी ढकलून देत आणि आम्ही शिकलो. खरे आहे, पुष्कळ जण शिकले. पण जे शिकले नाहीत ते आज या सभेत उभे राहून तसे सांगणार नाहीत, कारण सभेत उभे राहणेच त्यांना कधी जमले नाही. मी कणखरपणाच्या विरुद्ध नाही. मुलाने स्वतःच्या पायांनी आत जावे, हाच कणखरपणा मला हवा आहे, आणि उचलून नेलेले मूल स्वतःच्या पायांनी गेले असे होत नाही.

दुसरे एक आईच्या बाजूने. बारा महिने स्वयंपाकघर, नोकरी आणि शाळेचे डबे सांभाळणाऱ्या बाईने समुद्रावर दोन तास निवांत बसावे असे तिला वाटले, तर तो तिचा हक्क आहे; मुलाला क्लबात ठेवणाऱ्या आईस नाव ठेवणाऱ्यांत मी नाही. पहिल्या दिवशी दारापाशी घालविलेला वेळ तिला पुढल्या दिवसांत परत मिळतो, एवढेच मी अनुभवाने सांगते. आणि सहल संपेपर्यंत मूल आत गेलेच नाही, तर त्याला डेकवर आपल्याजवळ बसवावे, समुद्र दाखवावा. त्याची सहल वाया गेली असे त्याच्या देखत कोणी म्हणू नये.

घंटा झाली आहे, म्हणून शेवटची गोष्ट. मुंबईहून प्रवासी जहाजे चालविणाऱ्या कंपन्यांना उद्देशून मी एक अर्ज तयार केला आहे. त्यात मागण्या तीनच आहेत: प्रत्येक बालक्लबात मराठी बोलणारी एक ताई असावी; पहिल्या दिवशी आईबापांना मुलाजवळ आत बसू द्यावे; आणि दाराशी, जेथून आतले सारे दिसते अशा जागी, एक बाक कायमचा ठेवावा आणि त्यावर बसणाऱ्या मुलाला कोणी उठवू नये. अर्ज व्यासपीठाच्या उजव्या हाताच्या टेबलावर आहे, लेखणीही आहे. ज्यांना जहाजावर कधीच जावयाचे नाही त्यांनीही सही करावी, अशी माझी विनंती आहे.