‘निवारा घ्या’ म्हणजे नेमके कुठे जायचे?

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्याच्या प्राध्यापकाने अणुवीज केंद्रातील आपत्तीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. अणुभट्टीच्या तंत्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे ते अशा प्रसंगी लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या चार-सहा वाक्यांबद्दल. ती भाषेत लिहिली जातात, आणि भाषा हा आपला प्रांत आहे.

विषय दूरचा नाही. बेळगाव आणि गोवा या दोहोंना लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी, कैगा केंद्राच्या चार अणुभट्ट्या आहेत. गुजरातेतल्या आपल्या मंडळींना काकरापार जवळचे. ११ मार्च २०१६ रोजी तिथे जडपाण्याची गळती होऊन केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली होती. आसपासच्या लोकांना हलवावे लागले नाही. आपल्याकडे केंद्राभोवतीच्या सुमारे १६ किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन आराखडा तयार ठेवतात, आणि केंद्राबाहेरच्या कारवाईची सूत्रे जिल्हा प्रशासनाकडे असतात. या टापूत राहणाऱ्या माणसाला ऐन वेळी सांगायच्या मुख्य गोष्टी चारच: घरात थांबा, सांगितल्यावर आयोडीनची गोळी घ्या, सांगितल्यावर गाव सोडा, आणि काही दिवस काय खायचे-प्यायचे नाही ते पाळा.

पहिली गोष्ट घ्या. घरात थांबण्याच्या सूचनेचे मराठी आपण सहज करतो: ‘निवारा घ्या.’ पण किनारपट्टीवरच्या माणसाला निवारा म्हटले की वादळातले निवारा केंद्र आठवते. म्हणजे ज्याने दार लावून आत बसायचे, तो पोराबाळांना घेऊन बाहेर पडेल. एका शब्दाने सूचना उलटी होते. ‘घरातच थांबा’ असे म्हटले तर कुणाची फसगत होणार नाही. पक्क्या भिंती आणि लावलेली खिडकी हवेतून येणारे किरणोत्सर्गी कण बरेच अडवतात, म्हणून हा सल्ला.

मात्र ‘किती वेळ’ हेही सांगावे लागते. फुकुशिमात १५ मार्च २०११ रोजी २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातील लोकांना घरात थांबायला सांगितले गेले. ते दहा दिवस लांबले. माल घेऊन त्या भागात जायला ट्रकचालक तयार होईनात, अन्न-इंधन संपत आले, आणि २५ मार्चला सरकारने स्वेच्छेने बाहेर पडण्याचा सल्ला दिला. घरात थांबणे हा थोड्या काळाचा उपाय आहे. ते सूचनेतच असले पाहिजे.

दुसरा शब्द ‘स्थलांतर’. कारवार-अंकोला परिसरात धरणासाठी आणि नौदलाच्या तळासाठी गावे उठली. तिथे या शब्दाला जमीन गेल्याचा वास आहे. तो ऐकून म्हातारी माणसे उंबरा सोडणार नाहीत, हे ओळखायला समाजशास्त्र लागत नाही. उलट ‘तात्पुरते’ म्हणून मोकळे होणेही घातक. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटेचा. शेजारचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे केले, ते ‘तात्पुरते’ असे सांगून. लोक मोजके सामान घेऊन निघाले आणि पुन्हा तिथे राहायला गेले नाहीत. परतीची तारीख सांगता येत नसेल तर औषधे, कागदपत्रे आणि लहानग्यांचे सामान बरोबर घ्या, असे स्पष्ट सांगावे.

घाईने हलवण्यातही जीव जातात. फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातील अनेक वृद्ध रुग्ण प्रवासात आणि त्यानंतर दगावले. म्हणून ‘सर्वांनी निघा’ आणि ‘अंथरुणाला खिळलेल्यांनी गाडी येईपर्यंत थांबा’ ही दोन वेगळी वाक्ये हवीत.

सूचना कुणासाठी आहे, हे न कळल्यास काय होते ते अमेरिकेत १९७९ साली दिसले. थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर ३० मार्चला सकाळी आधी घरात थांबण्याचा सल्ला आला. मग गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी पाच मैलांच्या परिसरातून दूर जावे, असे सांगण्यात आले. सल्ला काही हजारांपुरता होता. घर सोडून निघाले सुमारे १,४०,०००.

आता गोळी. ती थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. इतर किरणोत्सर्गी द्रव्यांवर तिचा उपयोग नाही. तिला ‘किरणोत्सर्गविरोधी गोळी’ म्हटले की लोक ती खाऊन निर्धास्त बाहेर फिरतील. मिठाने तिचे काम होत नाही. तरी २०११ साली चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड उडाली होती. आणि दूध विसरू नका. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचे कर्करोग झाले, त्यामागे दूषित गवत खाल्लेल्या गाईंचे दूध हे मोठे कारण होते.

मी वर्गात विद्यार्थ्यांना अशी सूचना लिहायला दिली. पहिल्या मसुद्यात ‘नागरिकांनी घाबरून न जाता आवश्यक ती दक्षता घ्यावी’ हे वाक्य बहुतेकांनी लिहिले. या वाक्यात करण्यासारखे काहीच नाही. तासाभराने फळ्यावर जे उरले ते असे:

‘घरात या. दारे-खिडक्या लावा. पंखे, कूलर, एसी बंद करा. बाहेरून आला असाल तर वरचे कपडे दारातच उतरवून पिशवीत बांधा, अंघोळ करा. विहीर झाका, पाण्याची भांडी झाका. गुरे गोठ्यात बांधा, साठवलेली वैरण घाला. मुले शाळेत असतील तर आणायला धावू नका. शिक्षक त्यांना आत ठेवतील. रेडिओ लावून ठेवा. गोळी सांगितल्याशिवाय घेऊ नका.’

यात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि क्रियापदे सगळी घरातली आहेत.

आमच्या सीमाभागात आणखी एक प्रश्न आहे. एकाच घरात आजी मराठी वाचते, सून कोकणी बोलते, नातू कन्नड शाळेत जातो. राज्यभाषेतली सूचना हवीच; तिच्याबरोबर मराठी आणि कोकणीतलीही हवी, आणि तिन्हींचा अर्थ एकच हवा. भाषेचा वाद इथे आणू नये. तिन्ही भाषांच्या शिक्षकांनी एका टेबलाशी बसून हे करावे, आणि झालेला मसुदा जिल्हा प्रशासनाकडे तपासायला द्यावा. तांत्रिक अचूकता त्यांची, सुबोधता आपली.

कसोटी सोपी आहे. मसुदा एखाद्या आजीला फोनवर एकदाच वाचून दाखवा आणि विचारा, ‘आता पहिल्यांदा काय कराल?’ ती ‘खिडकी लावीन’ म्हणाली तर मसुदा ठेवा. ‘म्हणजे काय झालंय रे?’ असे तिने विचारले, तर तो पुन्हा लिहा. हे काम भोंगा वाजण्याच्या आधीच करून ठेवता येते. त्याची सुरुवात आपल्या महाविद्यालयांतून व्हावी, एवढी विनंती करून मी थांबतो.