फैजपूरचं तिलकनगर

डिसेंबर १९३६. तोवर काँग्रेसची अधिवेशनं शहरांत भरत. गांधीजींनी आग्रह धरला, आता खेड्यात चला. मान मिळाला तेव्हाच्या पूर्व खानदेशातल्या, आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला.

धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तयारीला वाहून घेतलं. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं टिपून घेणारे साने गुरुजीही गावोगाव हिंडले. मंडपाचं काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होतं. गांधीजींची अट एकच होती: सामान इथलंच हवं आणि हातही इथलेच. मग बांबू, तट्ट्या, दोरखंड यांतून अधिवेशनाचं तिलकनगर उभं राहिलं. कमानीसुद्धा बांबूच्या! अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक निघाली ती मोटारीतून नव्हे, सजवलेल्या बैलरथातून.

मला मात्र भाषणांपेक्षा प्रदर्शन मोलाचं वाटतं. खादी आणि ग्रामोद्योगांचं हे प्रदर्शन गांधीजींनी २५ डिसेंबरला खुलं केलं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, कातडी कमावणं, असे मोडकळीला आलेले धंदे सावरायचे, हे त्याचं काम. सफाई आणि अस्पृश्यता निवारण हेही गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचे भाग होते. केरसुणी हाती घेणं हेही स्वराज्याचंच काम मानलं जाई.

अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमही मंजूर झाला. त्यात शेतसारा आणि खंड कमी करण्याची, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडवण्याची मागणी होती.