भिंत आणि मेज : कागदावरील आधुनिक चित्रांच्या दर्शनाविषयी



या परिषदेचे अध्यक्षस्थान आपण मला दिले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. परंतु त्याहूनही अधिक समाधान मला या गोष्टीचे वाटते की, चित्रसंग्रहालयांचा विचार करण्यासाठी आपण नेहमीची फोर्टची वाट न धरता काळाचौकीची निवड केली. ज्या वस्तीच्या एका अंगाला कॉटन ग्रीनची कापसाची गोदामे आणि दुसऱ्या अंगाला गिरण्यांची धुराडी उभी राहिली, त्या वस्तीत कागदाविषयी बोलणे अप्रस्तुत नाही. उत्तम चित्रकागद हा मुळात कापूसच असतो. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद शतकानुशतके टिकतो, आणि पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० सालापासून हीच विद्या जतन केली आहे. उलट लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातील लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे आणि त्याला दिलेल्या तुरटीयुक्त खळीमुळे आम्लधर्मी होतो, पिवळा पडतो आणि अखेर बोट लागताच तुटू लागतो. आधुनिक चित्रकाराचे दुर्दैव असे की, उमेदवारीच्या, ओढगस्तीच्या काळात त्याच्या हाती बहुधा हा दुसरा कागद आला.

जुन्या लघुचित्रकाराने घोटलेल्या हातकागदावर बहुतांशी खनिज रंग लावले; ते चित्र बासनात बांधून ठेवले गेले आणि रसिकाच्या हाती किंवा गालिच्यावर उघडले गेले; म्हणून तीनशे वर्षांनंतरही त्यातील हिंगुळ बहुधा टवटवीत दिसतो. विसाव्या शतकाच्या चित्रकाराने मात्र वर्तमानपत्री कागद, टाकाची शाई, पोस्टर रंग, बॉलपेन, डिंकाने डकवलेली कात्रणे, जे हाताशी आले ते सारे वापरले. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी तर गुळगुळीत रंगीत मासिकांच्या पानांवरील छपाईची शाईच रसायनाने विरघळवून त्यांतून आपल्या आकृती काढल्या. गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे १९८४ सालच्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास हाताळण्यास असमर्थ झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने जी लहान चित्रे केली, त्यांत त्यांच्या साऱ्या साधनेचा अर्क उतरला आहे. अशा कृतींना तैलचित्रांची कच्ची टिपणे मानून दालनाच्या कोपऱ्यात टांगण्याची आपली रीत मला अन्यायाची वाटते.

या अन्यायाचे मूळ अज्ञानात आहे, याचा एकच दाखला देतो. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र, जे ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ख्यात आहे, ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आजवर असंख्य लोकांनी पाहिले. परंतु त्यांतील कित्येकजण ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. वस्तुतः ते कागदावरील जलरंगातील काम आहे, आणि त्या स्त्रीच्या मुखावर पडलेली दिव्याची प्रभा ही पारदर्शक रंगाखालून दिसणाऱ्या कागदाच्याच शुभ्रतेची किमया आहे. ज्या दिवशी तो कागद पिवळा पडेल, त्या दिवशी तो दिवा मंदावेल, आणि तो पुन्हा उजळणारा कारागीर पृथ्वीवर कोठेही मिळणार नाही.

कागदाचा शत्रू प्रकाश आहे, हे सांगण्यास नवा शोध लागलेला नाही. इंग्लंडात रसेल आणि कॅप्टन ॲब्नी या दोघा शास्त्रज्ञांनी जलरंगांवर होणारा प्रकाशाचा परिणाम तपासून १८८८ साली आपला अहवाल सरकारला सादर केला होता. प्रकाशाचा हिशेब रोजकीर्दीसारखा ठेवावा लागतो. त्यात खर्चाचे कलम आहे, जमेचे नाही. कागदावरील चित्रासाठी ५० लक्स ही मर्यादा संग्रहालये सामान्यतः पाळतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. परंतु त्या मंद दिव्याखाली दिवसाचे ८ तास याप्रमाणे ९० दिवस टांगलेल्या चित्राच्या नावे ३६,००० लक्स-तास खर्ची पडतात. आणि अतिनाजूक रंगांसाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सुचविलेली मर्यादा आहे वर्षाला १५,००० लक्स-तासांची. म्हणजे तीन महिन्यांच्या एका सौम्य प्रदर्शनात त्या चित्राचा दोन वर्षांहून अधिक काळाचा शिधा संपतो. मग ज्या दालनात तेच रेखाचित्र ‘कायमस्वरूपी’ म्हणून वर्षानुवर्षे लटकत आहे, तेथील कारभाराला काय म्हणावे?

लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी हा सिद्धान्त डोळ्यांनी पाहिलेला आहे. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती खोल्याखोल्यांतून विराजमान झाल्या. ज्या तसबिरीवर गॅलरीतले ऊन येई, तिच्यातील तांबडे आणि पिवळे रंग आधी उडून जात आणि देवीची अंगकांती हळूहळू निळसर होत जाई. त्यात आपल्या पावसाळ्याची भर. हवेतील आर्द्रता आठवड्यांमागून आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते, काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते, तपकिरी ठिपके उमटतात, कसर लागते. म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी हवी. चित्र जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगावे, चिकटपट्टीने कदापि नव्हे. ही कामे आपले फ्रेमवाले उत्तम करू शकतील. त्यांना ती कोणी शिकविली नाहीत, एवढेच. या परिषदेला त्यांना प्रतिनिधी म्हणून बोलावले, हे कार्यवाहांचे औचित्य मला फार मोलाचे वाटते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कागदावरील चित्राचे खरे स्थान भिंत नसून मेज आहे, असे माझे दृढ मत आहे. ते हाताच्या अंतरावर, मान लववून पाहण्यासाठी निर्माण झालेले असते. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची रेखाटने करणारे, ज्यांची ‘हंग्री बेंगाल’ ही पुस्तिका परकीय सरकारने जप्त करून नष्ट केली, ते चित्तप्रसाद भट्टाचार्य पुढे मुंबईत आले आणि अंधेरीत राहून त्यांनी लिनोवर कोरलेली चित्रे छापली, ती एका ठशातून अनेकांच्या हाती पडावीत याच हेतूने. प्रभाकर बरवे यांच्या रोजनिश्या घ्या. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या या चित्रकाराने वस्तू, अवकाश आणि आकार यांविषयीचे आपले मराठीतले चिंतन आणि रेखाटने त्या पानांवर शेजारी शेजारी मांडली. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत २०१९ साली त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा त्या रोजनिश्यांतील पाने लोकांसमोर आली. परंतु काचेच्या पेटीत ठेवलेल्या वहीची दोनच पाने दिसतात. उरलेल्या वहीला आपण दाराबाहेर उभे केलेले असते.

याला तोड आपल्याच परंपरेत आहे. मराठेशाहीचे कागद रुमालांत बांधून अंधारात राहिले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ते रुमाल सोडून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात सामान्य वाचकाने चिठ्ठी भरावी, ग्रंथपालाने कपाटातून पुस्तक आणून द्यावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. हीच रीत चित्रांना का लावू नये? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आगाऊ वेळ ठरवून येणाऱ्या कोणाही अभ्यासकापुढे मुद्राचित्राची पेटी उघडली जाते. डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला हेन्री व्हॉन यांनी १९०० साली टर्नरची ३१ जलरंगचित्रे मृत्युपत्राने दिली, ती केवळ जानेवारीत, जेव्हा तेथील उजेड सर्वांत क्षीण असतो तेव्हाच, दाखविण्याच्या अटीवर. आणि ती अट पाळल्यामुळे ते रंग शाबूत राहिले. वर्षातून एक महिना मिळणाऱ्या त्या दर्शनाची तेथील लोक वाट पाहतात, हे मला आपल्या संग्रहालयांच्या विश्वस्तांच्या कानावर घालावेसे वाटते.

आक्षेप मला ठाऊक आहेत. चित्र हाताळले तर फाटेल, चोरीस जाईल, माणसे कोठून आणावीत, आणि ज्याला चिठ्ठीत काय लिहावे हेच माहीत नाही त्या कामकऱ्याने काय करावे? पहिल्या दोहोंस बंदोबस्त हे उत्तर आहे: पेटीतून पुठ्ठ्यासह काढलेले एकच चित्र, स्वच्छ हात, शेजारी बसलेला जाणता सेवक आणि नोंदवहीत चित्र परत रुजू झाल्याची सही. शेवटचा आक्षेप मात्र मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच भिंत सर्वस्वी सोडावी असे म्हणत नाही. भिंतीवर थोडी चित्रे असावीत, तीन महिन्यांची मुदत संपताच ती उतरवून कित्येक वर्षे अंधारात विसावू द्यावीत, आणि रिकाम्या जागी चित्र कोठे गेले व का गेले हे स्वच्छ मराठीत लिहून ठेवावे. प्रतिकृती लावायची असेल तर ती प्रतिकृती आहे हे ठळक अक्षरांत सांगावे.

येथून जवळच इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे. यंत्रे तेथे येतीलच. परंतु गिरणगावाचा कागदही आला पाहिजे: कापडाच्या ठाणांवर चिकटविली जाणारी रंगीत छापील लेबले, कापडाच्या नक्षीचे हाती रंगविलेले नमुने, विणकर सेवा केंद्रात बरवे यांच्यासारख्या चित्रकारांनी केलेल्या कामाचे अवशेष, १९८२ च्या गिरणी संपाची हस्तपत्रके. ही सारी आधुनिक कागदी कलाच आहे आणि ती आज पोटमाळ्यांवर वाळवीच्या हवाली झालेली आहे. जवळच भायखळ्याचे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेले संग्रहालय नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्या पुढाकाराने लोकवर्गणीतून उभे राहिले; तेव्हा चिठ्ठी भरून मेजावर चित्र पाहता येईल अशा एका चित्रवाचनालयासाठी हात पसरण्यात कमीपणा नाही.

त्या मागणीच्या ठरावाचा मसुदा आपल्या हाती दिलेला आहे. त्यातील वेळांच्या कलमात मी एक दुरुस्ती सुचवितो: दालन सकाळी ११ ते ५ उघडे ठेवावे, असे जे लिहिले आहे, त्याऐवजी ते संध्याकाळी ६ ते ९ आणि रविवारी पूर्ण दिवस उघडे ठेवावे, कारण या वस्तीतला माणूस त्याच वेळी मोकळा असतो, आणि मेजावरच्या झाकलेल्या दिव्याला दिवसाच्या उन्हाची गरज नाही.