आपोआप चालतं, पण अडलं तर?

(स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीने मला सांगितलं, "तुझ्या कामातलं काहीतरी सांग, पण सगळ्यांना कळेल असं." माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यातलं सगळ्यांच्या उपयोगाचं काय, असा विचार करताना मोनोरेल हा विषय सुचला. तुम्ही म्हणाल, हिंगोलीत मोनोरेलचं काय काम? पण आपल्यातले बरेच जण आज शिक्षक आहेत, दरवर्षी सहली काढतात. बाकीचे सुट्टीत मुलांना घेऊन थीम पार्कला जातात. आणि दसऱ्याच्या प्रदर्शनातल्या आकाशपाळण्यात बसला नाही असा आपल्यात कोण आहे? माणसांना जमिनीपासून उंच नेणारं कोणतंही यंत्र घ्या, त्याला तीन प्रश्न विचारावे लागतात. ते चालवतं कोण? त्याची निगा कोण राखतं? आणि ते मध्येच अडलं तर माणसं खाली कशी येणार? मोनोरेलमध्ये हे तिन्ही प्रश्न एकदम स्पष्ट दिसतात, म्हणून ती निवडली.

मोनोरेल म्हणजे एका तुळईवर चालणारी गाडी. उंच खांबांवर काँक्रीटची तुळई असते आणि घोड्यावर मांड टाकावी तशी गाडी तिच्यावर बसते. वजन पेलणारी रबरी चाकं तुळईच्या वर, आणि तोल सांभाळणारी चाकं दोन्ही बाजूंना. तुळईच्या कडेने विजेच्या पट्ट्या जातात आणि गाडीखालचे वीजग्राहक त्यांना घासत वीज घेतात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये अशी गाडी १९५९ मध्ये सुरू झाली, फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९७१ मध्ये. आपल्याकडे मुंबईत वडाळा ते चेंबूर हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि पुढचा संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला.

आता पहिला प्रश्न, चालवतं कोण? त्यासाठी आधी आपल्या जुन्या रेल्वेकडे बघू. आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता आणि पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेज होता. अशा एकेरी मार्गांवर टोकनची पद्धत असे. स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हातात एक कडं द्यायचे, त्यात धातूचा गोळा असायचा. तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढच्या टप्प्यात न्यायची नाही. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर येत असे. म्हणून त्या टप्प्यात दुसरी गाडी शिरू शकत नसे. यातली गंमत अशी, की सुरक्षितता कोणाच्या आठवणीवर किंवा शब्दावर अवलंबून नव्हती. "मार्ग मोकळा आहे बरं का" एवढं तोंडी सांगून चालायचं नाही. गोळा असेल तर जा, नसेल तर थांब.

आज आम्ही जे सॉफ्टवेअर लिहितो, त्याचा गाभा हाच असतो. आधुनिक यंत्रणेत गाडी सतत रेडिओवरून आपली जागा कळवते आणि पुढे किती अंतर मोकळं आहे ते तिला कळवलं जातं. ही परवानगी वेळेवर आली नाही, संदेश अर्धवट आला, किंवा मोजदाद करणाऱ्या दोन संगणकांची उत्तरं जुळली नाहीत, तर गाडीने ब्रेक लावायचा. "धोका आहे" असं कोणी सांगेपर्यंत चालत राहायचं, असा नियमच नसतो. "मोकळं आहे" असा स्पष्ट होकार मिळत असेल तोवरच चालायचं. माहीत नसेल तर थांबायचं. सरांनी वर्गात शिकवलेलं इथे बरोबर उलटं होतं. उत्तर येत नसेल तर अंदाजाने काहीतरी लिहून या, असं सर सांगायचे. गाडीच्या संगणकाला आम्ही अंदाज करायची मनाई करतो.

मग अपघात का होतात? बहुतेक वेळा ही मनाई बाजूला ठेवायची सोय करावी लागते म्हणून. गाडी कारखान्यात न्यायची असते, उलट घ्यायची असते, बिघडलेली ओढायची असते. अशा वेळी माणसाच्या हातात अधिकार द्यावाच लागतो.

५ जुलै २००९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास डिस्ने वर्ल्डमध्ये हेच घडलं. दिवसाची गर्दी ओसरली होती आणि एक गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर घ्यायची होती. मोनोरेलमध्ये रूळ बदलणं म्हणजे तुळईचा एक अख्खा तुकडाच सरकवणं. गाडी त्या सांध्याच्या पुढे गेली आणि मग तिला उलट यायला सांगण्यात आलं. तुळई सरकवायची जबाबदारी ज्याची होती, त्याच्याकडून ती योग्य जागी आली नव्हती. ती आली आहे का याची खात्री न करता उलट येण्याची परवानगी दिली गेली. परवानगी देणारा व्यवस्थापक नियंत्रण कक्षात नव्हता, बाहेरून रेडिओवर बोलत होता. टक्कर टाळणारी यंत्रणा उलट जाताना बाजूला ठेवलेली होती. गाडी ज्या मार्गावरून आली होती त्याच मार्गावर मागे गेली आणि स्थानकातल्या दुसऱ्या गाडीवर आदळली. त्या गाडीचा २१ वर्षांचा चालक ठार झाला. आपल्या मुलांच्या वयाचा म्हणा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. तुळई जागेवर न आणणं आणि तिची खात्री न करणं ही कारणं तर त्यांनी नोंदवलीच, पण पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली. गाडी उलट नेण्याची ठरलेली कार्यपद्धती कंपनीने घालून दिलेली नव्हती, त्यातून असुरक्षित रीत पडली होती. मला ही नोंद सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या रात्री कोणी मुद्दाम वाईट वागलं नव्हतं. रोज जमून जाणारं काम त्या दिवशी जमलं नाही, एवढंच. पुढे डिस्नेने चालकाच्या केबिनमध्ये पाहुण्यांना बसवणं बंद केलं, उलट नेण्याचे नियम बदलले आणि गाड्यांचं स्वयंचलन वाढवलं. टोकनचा गोळा पुन्हा आणला म्हणा ना, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा प्रश्न निगेचा. जर्मनीतल्या वुपरताल गावात १९०१ पासून नदीवरून लटकती मोनोरेल धावते. सुरक्षिततेसाठी तिचं नाव जगभर घेतलं जायचं. १२ एप्रिल १९९९ रोजी सकाळची पहिलीच गाडी नदीत कोसळली. ५ जण गेले, ४७ जखमी झाले. कारण? रात्री मार्गाच्या नूतनीकरणाचं काम चाललं होतं आणि काम आवरताना एक लोखंडी पकड रुळावरून काढायची राहिली. गाडीत दोष नव्हता, चालकात नव्हता. दुरुस्तीनेच अपघात घडवला. म्हणून देखभालीत "काम झालं" या शब्दांना किंमत नसते. नेलेलं प्रत्येक अवजार मोजून परत आलं का, आणि प्रवाशांची गाडी सोडण्याआधी रिकामी गाडी मार्गावरून फिरवली का, या दोन नोंदींना किंमत असते.

रबरी चाकांचं दुखणं वेगळं. २६ जून १९८५ रोजी डिस्ने वर्ल्डमध्ये एका गाडीचं चाक बसलं, काँक्रीटवर घासत गेलं आणि त्या उष्णतेने आग लागली. प्रवासी खिडक्या लाथांनी उघडून गाडीच्या छपरावर चढले. एका बसलेल्या चाकाने माणसं छपरावर पोहोचली! मुंबईतही ९ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात गाडीच्या दोन डब्यांना आग लागली. गाडी रिकामी होती, हे नशीब. त्यानंतर सेवा सुरू व्हायला १ सप्टेंबर २०१८ उजाडला. गाड्या परदेशी कंपनीच्या, त्यामुळे सुट्या भागांची अडचणही तिथे वारंवार आली. गाडी विकत घेणं एकदाचं असतं. तिचा सुटा भाग वीस वर्षं कोण देणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायचा असतो. ट्रॅक्टर घेताना आपला शेतकरी तो आधी विचारतो.

आता तिसरा प्रश्न. यंत्र सुरक्षितपणे थांबलं, संगणकाने आपलं काम चोख केलं, पण माणसं मात्र दोन-तीन मजले उंचीवर बंद डब्यात. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईने हे पाहिलं. अतिवृष्टीने लोकलचा हार्बर मार्ग बंद पडला आणि ती गर्दी मोनोरेलकडे वळली. गाडीची क्षमता १०४ टनांची, वजन झालं सुमारे १०९ टन. एमएमआरडीएने सांगितलं त्याप्रमाणे, जादा वजनामुळे वीजपट्टी आणि वीजग्राहक यांचा स्पर्श तुटला. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये गाडी उभी राहिली. वीज गेली, वातानुकूलन बंद, खिडक्या उघडणाऱ्या नाहीत. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना उतरवलं, त्याला साडेतीन तासांच्या आसपास लागले. अनेकांचा जीव गुदमरला. त्याच संध्याकाळी दुसरी एक गाडी आचार्य अत्रे स्थानकाजवळ अडकली होती, ती मात्र ओढून नेता आली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही गाडी घसरली नाही, आदळली नाही. नियमाच्या भाषेत ती "सुरक्षित अवस्थेत" होती. पण आतल्या आईला, तिच्या कडेवरच्या लेकराला त्या शब्दाचा काय उपयोग? साध्या रेल्वेत गाडी थांबली तर माणूस खाली उतरून चालू शकतो. मोनोरेलच्या तुळईवर चालायला जागा नसते, त्यात कडेला विजेच्या पट्ट्या. मार्गालगत आपत्कालीन पायवाट बांधलेली नसेल तर तीनच उपाय उरतात. दुसऱ्या गाडीने ढकलून किंवा ओढून न्यायचं, समोर किंवा शेजारी दुसरी गाडी आणून माणसं तिच्यात घ्यायची, नाहीतर अग्निशमन दलाची शिडी. हे तिन्ही उपाय आधी सराव केला असेल तरच जमतात. आणि सुटका होईपर्यंत बॅटरीवर हवा खेळती राहिली पाहिजे, दिवा जळत राहिला पाहिजे, आणि दर काही मिनिटांनी कोणीतरी माणसाच्या आवाजात काय चाललं आहे ते सांगितलं पाहिजे. अंधारात घाबरलेल्या माणसाला माहिती हवेइतकीच लागते.

या घटनेनंतर, २० सप्टेंबर २०२५ पासून, मुंबईची मोनोरेल सुधारणेसाठी बंद ठेवून नव्या गाड्या आणि मी वर सांगितली तशी रेडिओवरची नवी नियंत्रण यंत्रणा बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. ५ नोव्हेंबरला वडाळ्याजवळ चाचणी सुरू असताना एक गाडी तुळईवरून कलली. तेव्हा गाडीत प्रवासी नव्हते. लोक म्हणाले, नवं तंत्रज्ञानही फसवं. मी म्हणते, चाचणी करायची ती याचसाठी. फक्त चाचणी करणारी माणसंही माणसंच असतात, त्यांचा जीवही तेवढाच मोलाचा.

मग आपण काय करायचं? आपल्यापैकी कोणी मोनोरेल बांधणार नाही. पण त्या यंत्रांवर चढणारी गर्दी आपणच असतो. क्षमतेचा फलक लावलेला असतो तो आपणच वाचत नाही. "बंद आहे" म्हणणाऱ्या पोऱ्याशी आपणच हुज्जत घालतो. "अहो, लांबून आलोय, पोरं रडतायत, एकच फेरी द्या" असं म्हणतो. त्या पोऱ्याच्या हातात संगणक नसतो, टोकनचा गोळा नसतो. त्याचा "नाही" हाच तिथला गोळा. तो आपण गोड बोलून किंवा दटावून काढून घेतो. डिस्नेच्या रात्री जी रीत पडलेली होती, ती आपल्या जत्रेत, आपल्या सहलीत आपण दर वर्षी थोडी थोडी पाडत असतो.

शिक्षक मित्रांना म्हणून तीन विनंत्या. सहलीआधी पार्कला फोन करून विचारा, की वर अडकलेल्या मुलांना उतरवण्याचा सराव तुम्ही शेवटचा कधी केला? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ते उत्तरच आहे. दुसरं, मुलांना आधीच सांगून ठेवा: मध्येच थांबलं तर जागेवर बसायचं, दार-काच स्वतः उघडायची नाही, पट्टा सोडायचा नाही, आतली सूचना ऐकायची. आणि तिसरं, "बंद आहे" असा शब्द आला की तुम्ही मागे वळा. चाळीस मुलं तुमच्याकडे बघत असतात. नियम पाळणारा मोठा माणूस त्यांना त्या दिवशी दिसला, तर सहलीचे पैसे वसूल झाले असं समजा.

आपल्या जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोसारखा प्रकल्प उभा राहतो आहे. उद्या आपल्याच शाळेतली मुलं-मुली तिथे आणि देशभरात मोठी यंत्रं चालवतील, त्यांची निगा राखतील. त्यांना गणित, विज्ञान तुम्ही शिकवालच. त्याबरोबर, खात्री नसेल तर थांबायचं आणि थांबलो म्हणून लाजायचं नाही, हेही शिकवा. यंत्राला ते आम्ही शिकवतो. माणसाला शिकवणं तुमच्याच हातात आहे.